काचेमागचे साहेब आणि इंदूकाकूंची पाहुणी

माझा धंदा लोकांना बोलायला शिकवण्याचा आणि मी स्वतः घुमा, असं माझी बायको सुलभा म्हणते. दोन्ही खरं आहे. पेणला एसटी स्टँडजवळ माझं छोटं ऑफिस आहे. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट असं पाटीवर लिहिलंय, पण ही तिन्ही कामं आता लोक बसल्याजागी मोबाईलवर करतात. माझ्याकडे येतात ते पाटीवर नसलेल्या चौथ्या कामासाठी. वकिलातीतल्या साहेबापुढे उभं राहिल्यावर तोंड कसं उघडायचं, ते शिकायला.

ज्यांच्या घरात कुणी परदेशी गेलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेला नुसतं पाहुणा म्हणून जायचं असलं, तरी बहुतेकांना मुंबईला वकिलातीत मुलाखत द्यावी लागते. काचेपलीकडे साहेब नाहीतर मडम, अलीकडे आपण. मराठीतून बोलायची सोय होते. मुलाखत म्हणजे काय, तर हातातला चहा निवायच्या आत निकाल. त्यांचा कायदाच असा आहे की समोरचा माणूस तिथेच ठाण मांडायला निघालाय असं आधी धरून चालायचं. तसं नाही, मी परत येणार, हे पटवायची जबाबदारी आपली. जमीनजुमला, पेन्शन, म्हातारी आई, शेपटीसारखं मागे काहीतरी अडकलेलं दाखवावं लागतं. सगळा खेळ एका प्रश्नावर चालतो: परत कधी येणार, आणि कशासाठी?

लोकांना सवय व्हावी म्हणून मी ऑफिसात एक काच बसवून घेतली. बंद पडलेल्या मेडिकलच्या दुकानातली, खाली अर्धगोल फट असलेली. गिऱ्हाईक त्या बाजूला उभं, मी या बाजूला टाय लावून. टाय तेवढ्यापुरताच. सुलभाने एकदा हा प्रकार पाहिला आणि मला ‘काचेतले साहेब’ असं नाव ठेवलं. घरी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं, की ती म्हणते, “साहेब, फटीतून बोला, इकडे ऐकू येत नाही.”

या काचेने मला पुष्कळ हसवलं आहे. आतल्या एका गावचे आप्पा मुलाकडे निघाले होते. भात आणि वाल पिकवणारा माणूस. मी त्यांना जमिनीचे उतारे, घराचे कागद, सगळं पाठ करून घेतलं. प्रत्यक्षात साहेबाने विचारलं, “परत कशासाठी येणार?” आप्पा सगळं विसरले. म्हणाले, “वालाला पानी नाय लागत, पन राखन लागते. रानडुकरं येतात.” हे इंग्रजीत सांगताना दुभाष्याला घाम फुटला असणार. साहेब हसला आणि आप्पांना व्हिसा मिळाला.

उलट धाटावच्या कंपनीतला एक हुशार केमिस्ट. त्याने माझ्याकडे इतका सराव केला, की प्रश्नाच्या आधी उत्तर तयार. साहेबाने नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि हा म्हणाला, “माझे आईवडील भारतातच राहतात.” गेला तसाच परत आला.

आप्पांवरून मी शहाणा व्हायला हवं होतं. मी ते आप्पांच्या नशिबावर ढकललं आणि सराव आणखी कडक केला.

हे किस्से मी लग्नाच्या पंगतीत कैक वेळा सांगितलेत. एक मात्र सांगितला नाही. त्यातला साहेब मीच आहे, म्हणून. दिवाळी अंकाकडून विचारणा झाली तेव्हा सुलभा म्हणाली, “आता तरी तो सांगा. खालच्या इंदूकाकूंची हरकत नाही, त्या तर सगळीकडे सांगत सुटल्यात. तुमच्याकडून ऐकलं तर निदान तुमच्यावर थोडी दया येईल लोकांना.”

तर इंदूकाकू. आम्ही रोह्याला लागून वरसेला राहतो, त्याच इमारतीत तळमजल्यावर त्या राहतात. माहेर पेणचं, सासर कासूचं, भातशेतीचं घर. नवरा प्राथमिक शिक्षक. मास्तरांच्या शुद्ध मराठीशेजारी अख्खा संसार करूनही काकूंची बोली तसूभर हलली नाही. मास्तर गेले, मुलगी वैशाली लग्न करून न्यू जर्सीला गेली, आणि काकू दोन खोल्यांच्या घरात एकट्या उरल्या. मागची खोली वैशालीची. तिला बाहेरून वेगळं दार आहे. हे दार पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

काकूंची ख्याती बाळंतपणासाठी. सुईण नव्हेत, बाळ झाल्यानंतरचं सगळं त्यांचं. तेल, न्हाणं, शेक-शेगडी, धुरी, अळिवाचे लाडू. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी त्यांच्या पायांवर पालथं पडून भोकाड पसरलंय. माझ्या मुलीनेसुद्धा.

वैशालीला दिवस गेले आणि काकू माझ्या काचेसमोर येऊन उभ्या राहिल्या. “गावभरच्या पोरी न्हाऊ घातल्या मी. आता माज्या पोरीचं पहिलं हाय. काय ता कर नि मला धाड.”

मी टाय लावला. “अमेरिकेला कशासाठी जायचंय?”

“बाळंतपनाला.”

“काकू, तसं नाही म्हणायचं.”

“का? लग्न झालंय तिचं. लपवायचं काय त्यात?”

आता खरं लिहितो. बाळंतपणाला म्हणून सरळ सांगून गेलेल्या आया मी आधी पाठवल्या होत्या. त्यात गैर काही नव्हतं. पण तेवढ्यात एकीला नकार आला होता, आणि ती बाई माझं नाव रोह्याच्या बाजारात घेऊन फिरत होती. मी हबकलो होतो. मला वाटलं, बाळंतपण म्हटलं की पुढचे प्रश्न येणार: बाळ कोण सांभाळणार, तुम्ही किती राहणार, इथे तर तुमचं कुणीच नाही. काकूंच्या मागे शेपटीसारखं अडकलेलं काही नव्हतंच. म्हणून मी सोपी वाट काढली.

“फिरायला चाललेय म्हणा. नायगारा धबधबा बघायला.”

“पानी पडताना बघाया इतक्या लांब? येडी म्हनतील मला.”

“म्हणू देत. व्हिसा देतील.”

काकूंना खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक होतं. शेजारी राहतो. तरी मी त्यांच्याकडून धबधबा घोटून घेतला. पापड लाटतालाटता त्या ‘नायगारा, नायगारा’ म्हणायच्या.

मुलाखतीला मी मुंबईपर्यंत सोबत गेलो, बाहेर थांबलो. आत काय झालं ते काकूंनीच नंतर सांगितलं. मडम गोड होती. परत कधी जाणार ते विचारलं, मग काय बघणार ते. काकू म्हणाल्या, धबधबा. बरोबर कोण? जावई. आणि मुलगी नाही येणार? काकू पटकन बोलून गेल्या, “तिला कशी नेऊ गो बाय, तिला तवा नववा लागंल!”

मडमने काकूंकडे पाहिलं. काकूंनी खाली पाहिलं. संपलं.

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. पेण मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, “मी कुठं चुकले का रे?”

“नाही काकू,” मी म्हणालो. “कायदाच तसला आहे.”

एवढंच ते वाक्य. मी ते बोललो तेव्हा मला सोपं गेलं. नंतर जड होत गेलं.

वैशालीचं बाळंतपण फोनवर झालं. काकूंनी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि जावयाला हुकूम सोडले. “अरे, काकडी धरल्यासारखं काय धरतोस? पोर हाय ता! मान, मान सांभाळ!” आम्ही जिन्यात उभे राहून हसायचो. फोन बंद झाला की काकू हातांना लावलेलं तेल पुसायच्या. इकडे बसून त्या स्वतःच्या हातांना तेल लावून घ्यायच्या, हे मला एकदाच दिसलं. पुन्हा त्या वेळी मी जिन्यात थांबलो नाही.

अपराधी माणूस तावातावाने बोलतो. पेण-रोहा गाडीत आमचा रोजच्यांचा कंपू आहे, तिथे मी एकदम जगाच्या सीमा मोकळ्या करा म्हणून भाषणं द्यायला लागलो. म्हातारीची काय भीती त्या देशाला, माणूस काय स्मगलिंगचा माल आहे, हे कायदे बदललेच पाहिजेत. सगळे माना हलवायचे. प्रत्येकाचं कुणी ना कुणी कुवेतला, कॅनडाला. आणि त्याच दमात विषय वळायचा डोलवीच्या, धाटावच्या कारखान्यांतल्या ठेकेदारांनी बाहेरून आणलेल्या कामगारांवर. हे लोक फार वाढले, आता आळा घातला पाहिजे. थोडक्यात, कासू येईपर्यंत आम्ही अमेरिकेची दारं उघडायचो आणि नागोठणं आलं की आमची लावून घ्यायचो. यातली गंमत कुणालाच दिसत नव्हती. मला तर नाहीच.

आमच्या सोसायटीचे चेअरमन नाना. कंपनीतून रिटायर झालेले, मुलगा दुबईला वेल्डर. नानांचं म्हणणं सरळ असायचं. “आमच्या जमिनी कंपन्यांत गेल्या. आमची पोरं गेटवर उभी आणि शिफ्टला दुसराच. राग येनार नाय का?” ते खोटं नव्हतं आणि आजही नाही. सभेत ठराव आला की बाहेरच्यांना खोल्या द्यायच्या नाहीत. कुणी म्हणालं, सरसकट बंदी बरी दिसत नाही. मी सेक्रेटरी. मी उठलो आणि म्हणालो, “अमेरिकेचा साहेब विचारतो ना, परत कधी जाणार? मग आपणही विचारू. मुलाखत घेऊ. पटलं तर खोली.”

टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्या बोलण्याला पडलेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

पंपाच्या खोलीला गजांची खिडकी आहे. आत टेबल टाकलं, मी आणि नाना बसलो. उमेदवाराने बाहेर उभं राहायचं. म्हणजे वरसेमध्ये आम्ही वकिलातच उघडली. पाण्याची मोटर सुरू झाली की काही ऐकू यायचं नाही, मग मुलाखत थांबायची. पहिला आला तो पुण्याकडचा बँकेचा नोकर. नानांनी त्याला विचारलं, “परत कधी जाणार?” तो म्हणाला, “बदली झाली की.” पास. सुलभा वरून कपडे वाळत घालत होती. ओरडली, “अहो, त्याला बॅगेत लोणचं आहे का ते विचारा!”

आणि मग एका रविवारी काकूच एक उमेदवार घेऊन आल्या.

दिबाकर त्याचं नाव. ओडिशाचा. पाइप फिटर. आधी डोलवीला ठेकेदाराकडे, आता धाटावला. तो काकूंचा नळ दुरुस्त करायला आला होता. बोलताबोलता कळलं, की बायको मिनती पोटुशी आहे, सातवा चाललाय, आणि ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा पुरुषांत एका पडद्याआड राहते. काकूंनी नळाचं बाजूला ठेवलं. वैशालीची, बाहेरून वेगळ्या दाराची खोली रिकामी होतीच.

मी खिडकीत, तो गजांबाहेर. काकू कट्ट्यावर बसलेल्या. सवयीने मी टायची गाठ शोधली, टाय नव्हता.

“परत कधी जाणार?” मी विचारलं.

दिबाकरने जरा विचार केला. त्याचं मराठी कामावर शिकलेलं. “खोटं काय बोलू साहेब? गावात जमीन नाय. काम इथं हाय. बाळ इथं होनार. काम हाय तवर ऱ्हानार. जानार कशाला?”

मी नानांकडे पाहिलं. नाना छताकडे पाहत होते. दुबईचा मुलगा त्यांच्या डोळ्यासमोर असेल, पण सेक्रेटरी मी होतो. मी म्हणालो, “नियमात बसत नाही.”

दिबाकरने मान हलवली, जणू पाइप दुसऱ्या मापाचा निघाला. काकू मात्र उठल्या.

“सुहास, ह्येच मला विचारलं होतं ना त्या मडमेनं? परत कधी जानार?”

“हो काकू, पण...”

“मी तू शिकवलं ता बोलले, मला नाय म्हनाले. ह्यो खरं ता बोलला, ह्याला तू नाय म्हनतोस. मंग तुमाला पायजे तरी काय, ता एकदा भिंतीवर लिवून ठेवा. मानसाला तयारीला बरं.”

कट्ट्यावरची मंडळी हसली. मी नियमाची वही पुढे सरकवली. त्यात लिहिलं होतं, ‘भाडेकरू’. काकूंना वाचता येतं. मास्तरांची तेवढी कमाई. त्यांनी बोट ठेवून वाचलं.

“भाडेकरू नको ना? बरं. मंग मी भाडं घेत नाय. मिनती माजी पाहुनी. पाहुन्यांचा कायदा हाय का तुज्या वहीत?”

“नाही, पण किती दिवस...”

“तूच सांगत होतास. अमेरिकेत पाहुन्याला सहा म्हयने देतात. मी पन सहा म्हयने देते. पुढचं पुढं. आनि पोलिसात कागद द्यायचे ता दिबाकर उद्या देईल. सगळं रीतसर.”

नाना मोठ्याने हसले. “सेक्रेटरी, म्हातारीनं शिक्का मारला! गप शाई दे.” तेवढ्यात मोटर सुरू झाली आणि माझं जे काही उत्तर होतं ते त्यात बुडालं. बरं झालं.

मिनती आली. गोल चेहऱ्याची, बुजरी. पहिल्या आठवड्यात तिने रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी मिरची-कांद्याबरोबर खायला घेतला. काकूंनी वाटीत डोकावून पाहिलं आणि जिन्यातून हाका मारायला लागल्या. “अरे, हा तर आमच्या कासूचा भात! एवढा रेल्वेत बसून तिकडं कुनी नेला?” त्या दिवसापासून इमारतीतल्या बायका पाहुणीला बघायला यायला लागल्या. नानांच्या बायकोने सुकटीची चटणी पाठवली. नियमाची वही माझ्या कपाटात पडून राहिली. ती कुणी मागितली नाही, मीही काढली नाही.

दिवस भरले ते भर दुपारी. दिबाकर शिफ्टला, इमारतीत गाडी असलेला पुरुष मी एकटाच. काकू मिनतीला धरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “गाडी काढ साहेब.” मी काढली. दवाखान्याच्या बाकावर मी आणि काकू शेजारी बसलो होतो. कंपनीच्या कपड्यांतच दिबाकर धावत आला तेव्हा मुलगा झालेला होता. परिचारिकेने बाळ बाहेर आणलं, आणि काकूंनी ते हातात घेतलं तेव्हा त्यांचे हात मी पाहिले. न बघता, न चाचपता, बाळाची मान बरोबर त्यांच्या तळव्यात आली. तांब्याला टेकवलेला मोबाईल मला आठवला.

तिथेच काकूंना खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण दिबाकर माझ्या गळ्यात पडला, कंपनीच्या तेलाचे डाग माझ्या शर्टाला लागले, आणि मी म्हणालो, “पेढे आणतो.” घुमा माणूस असाच निसटतो.

पुढचे दिवस काकूंचे होते. तेलाचा वास, धुरी, मिनतीला दटावणं, “गो, डोक्याला बांध, वारा लागंल!” बाळाचं बारसं झालं, नाव ठेवलं जगन्नाथ. काकूंनी त्याचा जगू केला. सहा महिन्यांचा व्हिसा कधी संपला ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. नानांनी पुढच्या सभेत स्वतः ठराव फिरवला. आता भाडेकरूचे कागद पोलिसात दिले की झालं. राग आला तर कंपनीच्या गेटवर जाऊन आपल्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी भांडू, म्हणाले, बाळंतिणीशी कशाला भांडायचं.

आणि मग वैशालीला पुन्हा दिवस गेले.

काकू पुन्हा माझ्या काचेसमोर. या वेळी जगू कडेवर. त्याने फटीतून हात घालून माझा टाय पकडला.

“चल, शिकव. आता कुठला धबधबा?”

मी टाय सोडवून काढून ठेवला आणि काचेच्या बाहेर आलो. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. म्हणालो, “काकू, मी या वेळी काही शिकवणार नाही. मागच्या वेळी तुम्ही नापास झालात ते माझ्यामुळे. बाळंतपणाला म्हटलं असतंत तर बहुतेक झालं असतं. मी माझ्या नावाला जपलं. आणि गाडीत तुम्ही विचारलंत तेव्हा कायद्यावर ढकललं.”

काकूंनी जगूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे रे. त्या तसं म्हणाल्या नाहीत. “पहिलं होतं तिचं,” एवढंच म्हणाल्या. चहा सांगितला होता तो न घेता निघाल्या.

दोन दिवस त्यांचं दार माझ्यासाठी बंद होतं. सुलभाला मी सगळं सांगितलं. तिने नेहमीचा टोमणा मारला नाही, त्यावरूनच कळलं की गोष्ट गंभीर आहे.

तिसऱ्या दिवशी काकू, मिनती, दिबाकर आणि जगू असे सगळे आमच्या दारात. काकू उभ्याउभ्याच बोलल्या. “दंड भरायचा तुला. ऐक. पोराचं जावळ काढायचं वाढदिवसाला. मामाची मांडी लागते. हिचा भाऊ ओडिशात, त्याला येवढी रजा नाय. तवा मामा तू.”

“मी?”

“मंग कोन? तूच नाय म्हनलास, तूच मांडी दे. आनि मी तिकडं गेले की रोज सांजचं पोराला फिरवून आनायचं. मिनतीला तेवढं भाताला मोकळं ऱ्हाता येईल.”

दिबाकर हसत होता. “आमच्यात पन मामू लागतो, साहेब.”

“त्याला साहेब नको म्हनू,” काकू म्हणाल्या. “दादा म्हन. नाय तर पुना खिडकीत जाऊन बसंल.”

मुलाखतीला या वेळीही मी मुंबईपर्यंत गेलो. धबधबा नाही, उतारे नाहीत, पाठांतर नाही. रात्री झोप लागली नव्हती ती मला. काकू गाडीत घोरत होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. रस्ता ओलांडून सावलीत येईपर्यंत त्यांनी मला तसंच ताटकळत ठेवलं. तेवढा हक्क त्यांचा होता.

“काय विचारलं?”

“कशाला जानार? म्हनले, लेकीचं दुसरं बाळंतपन हाय. पयल्याला तुमी नाय सोडलं, ता माजंच चुकलं, धबधबा म्हनले.”

“असं सांगितलंत?”

“खोटं बोलले होते ना? मंग. मंग म्हनतो, इथं तुमचं कोन हाय? परत कशाला येनार?” काकूंनी पदराने मानेचा घाम पुसला. “म्हनले, माजा एक नातू हाय वरसेला. ओडिशाचा. त्याचं जावळ हाय. मामा तयार करून ठेवलाय, पन त्याचा भरवसा नाय. मलाच यायला लागंल.”

साहेबाने ते दोनदा विचारून घेतलं म्हणे, ओडिशाचा नातू कसा? काकूंनी पंपाच्या खोलीपासून सगळं सांगितलं. निवायला ठेवलेल्या चहाचं त्या दिवशी काय झालं असेल कोण जाणे. व्हिसा मिळाला.

माझ्या ऑफिसात इतकी वर्षं मी लोकांच्या मागे अडकलेली शेपटी शोधत होतो. काकूंची शेपटी मी खिडकीतून हाकलून देत होतो, हे लिहायला आज लाज वाटते आणि हसूही येतं. घराला दार असावं की नसावं, यावर आमच्या गाडीतला वाद अजून चालू आहे. दार असावं असंच मला वाटतं. फक्त दाराशी कोण बसवायचा, ते जरा बघून ठरवावं. मी काच काढून टाकली. आता गिऱ्हाइकाला चहा देतो आणि विचारतो, खरं काय आहे? बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. धंदा थोडा कमी झालाय.

काकू गेल्या, वैशालीचं दुसरं बाळंतपण अगदी हातचं न राखता केलं, आणि शब्दाला जागून जावळाआधी परत आल्या. इकडे मी दंड भरत होतो. सांजचं जगूला कडेवर घेऊन सोसायटीत चकरा. पंपाच्या खोलीपाशी आलो की तो गज पकडायचा आणि सोडायचाच नाही. नाना कट्ट्यावरून ओरडायचे, “सेक्रेटरी, त्याची मुलाखत झाली का?”

जावळाच्या दिवशी इमारतीखाली पाट मांडला. न्हावी आला, मिनतीने हळदी-कुंकू लावलं, सुलभाने मला नवा शर्ट घालायला लावला आणि वर टाय नको म्हणून बजावलं. मी मांडी घातली. जगूला बसवलं. वस्तरा बघितल्याबरोबर त्याने असा आकांत मांडला की पलीकडच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. तो मासळीसारखा सुळसुळत होता, एक पाय सुटला, दुसरा सुटायच्या बेतात. जावळाचे बारीक केस माझ्या शर्टावर, तोंडात, डोळ्यांत.

काकू समोर उकिडव्या बसल्या होत्या, हातात केस झेलायला ताम्हन.

“घट्ट धर रे,” त्या म्हणाल्या. “नाय तर जाईल तो!”

मी दोन्ही हातांनी धरला.